दोन नारळांचं एक गाऱ्हाणं

आमच्या मतदारसंघात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जेवढे आमदार निवडून आले, त्या सगळ्यांसाठी गुरुदासतात्यांनी देवाकडे विजय मागितला होता. जेवढे पडले, त्यांच्यासाठीही तात्यांनीच मागितला होता.

त्यांचाही इलाज नव्हता. आमच्याकडे ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवल्याशिवाय प्रचाराची गाडी हलत नाही, आणि नारळ ठेवला की गाऱ्हाणं आलंच. नारळवाल्याचं मागणं मोठ्याने देवाच्या कानावर घालायचं आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गाऱ्हाण्याचा मान तात्यांच्या घराण्याकडे. आवाज असा, की देवाला डुलकी लागली असली तरी उठून बसावं लागेल.

मतपत्रिकेवर शिक्के मारायच्या काळापासून तात्या गाऱ्हाणी घालताहेत. पुनर्रचनेत शेजारचा मुलूख आम्हाला जोडला, तेव्हा नवी हद्द त्यांनी देवाला समजावून सांगितली. एका पक्षाचे दोन झाले, तेव्हा देवळात नारळही दोन आले आणि तात्यांनी दोघांनाही मनापासून 'खऱ्या पक्षाचो उमेदवार' म्हटलं. एखादा पडलेला उमेदवार येऊन कुरकुरायचा, "तात्यानू, तुमचा गाऱ्हाणा काय पावाक नाय हां!"

"देवान ऐकल्यान रे. लोकांनी ऐकूक नाय. देवाचा नाव मतदारयादीत खंय आसा?"

गेल्या विधानसभेच्या आधीच्या पावसात मात्र आमच्या वाडीचा साकव वाहून गेला. साकव म्हणजे व्हाळावरचा, ओढ्यावरचा, चिंचोळा पूल, पण पलीकडची एसटी गाठायची तर तोच. सावित्रीकाकी, म्हणजे तात्यांच्या सौभाग्यवती, रोज सकाळी लाल माठ नि वालीच्या शेंगा घेऊन मालवणच्या बाजारात जायच्या. आता डोंगराला वळसा घालून पोचेपर्यंत गिऱ्हाईक घरी जाऊन भाजी शिजवत असायचं. काकींचा बाजारच बसला.

"जगाक आमदारकी मागून दिलास," काकी म्हणाल्या. "माका काय मागलास कधी? ह्या खेपेक साकव मागा."

"तसा जमणा नाय गो. जेचो नारळ, तेचा मागणा. मधी आपला घुसवूचा नाय."

"मगे लाल माठ तुमीच खावा. दोनय येळ."

आठवडाभर दोन्ही वेळ लाल माठ खाल्ल्यावर तात्यांच्या विचारांना चालना मिळाली.

आणि देवाच्या मनात आलं. विद्यमान आमदार ओंकारराव आणि त्यांच्याविरुद्ध उभे असलेले हॉटेलवाले मितेशशेठ, दोघांनाही कुणीतरी एकच मुहूर्त काढून दिला. दोन्ही ताफे एकदमच देवळात. नारळ आधी कुणाचा, यावरून सभामंडपात बाह्या वर झाल्या.

"आमचे सायब पयले इलेत!"

"इलेत खंयसून? गाडी आमच्या फुडे घुसवलास मेल्यानू!"

तात्या खांबाला टेकून ऐकत होते. मग पुढे झाले आणि दोन्ही नारळ शेजारी शेजारी मांडले.

"भांडा नको. आमदारकी एक आणि मागणारे दोन. दोघांका एकदम जिकवूचा देवाकय जमाचा नाय. तेवा दोघांचा मिळान एकच गाऱ्हाणा घालतंय. पटता?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नाही म्हणणारा देवाला भ्यायला असं दिसलं असतं. पटलं.

"बा देवा म्हाराजा!" तात्यांनी आवाज लावला. "आज तुझी ही दोन लेकरां तुझ्या पायाकडे इलेली आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"दोघांकय गावाचा बरा करूचा आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो जिकात तो, आणि जो पडात तोय, दोघा मिळान वाडीचो साकव बांधतले!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज ओंकारराव आणि मितेशशेठ यांचा होता. लहानपणापासूनची सवय. वाक्य संपलं की तोंड आपोआप उघडतं, कानाला विचारत बसत नाही. काय कबूल केलं ते दोघांच्या ध्यानात यायच्या आत तात्यांनी शेवटचं वाक्य टाकलं.

"आणि जो इसारतलो, तेका तूच आठवण कर रे म्हाराजा!"

यावर "व्हय म्हाराजा" म्हणताना दोघांचे आवाज जरा खाली आले. आमच्या देवाची आठवण करून द्यायची पद्धत पंचक्रोशीला ठाऊक आहे.

ओंकारराव पुन्हा निवडून आले. मिरवणुकीत त्यांच्या गाडीचं चाक बसलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्याच रात्री मितेशशेठना वडे-सागोती बाधली. पराभवाच्या दुःखात त्यांनी सागोती किती हाणली, हे त्यांनी डॉक्टरला सांगितलं नाही. मात्र दुसऱ्या दिवशी चिऱ्यांचा ट्रक वाडीत पाठवला. ते ऐकून आमदारांनी निधीचं पत्र स्वतः कचेरीत नेऊन दिलं. मग एक सिमेंट पाठवी, तर दुसरा गवंडी वाढवी. सरकारी काम इतकं धावताना आमच्या तालुक्याने प्रथमच पाहिलं.

पावसाआधी साकव उभा राहिला. उद्घाटनाला दोघेही हजर, आणि फीत कुणी कापायची यावर पुन्हा बोलणी सुरू झाली.

"जरा बाजूक होवा बघया," मागून आवाज आला. सावित्रीकाकी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन फितीखालून वाकून पलीकडे गेल्यासुद्धा. "तुमचा चलूदे. माझी एसटी येतली."

फीत तशीच राहिली. तात्यांनी हसत हसत नारळ उचलला आणि घसा खाकरला. त्याबरोबर ओंकारराव आणि मितेशशेठ दोघांनीही त्यांचा हात धरला.

"तात्यानू, पयला आमका सांगा, काय मागूचा आसा?"