तयार घेऊ की असेंबल करू?

आमच्या घरात कॉम्प्युटरच्या दोनच जाती होत्या, ब्रँडेड आणि असेंबल्ड. नागपुरात दादाचं असेंबल्डचं दुकान होतं, त्यामुळे ब्रँडेड हा शब्द घरात जवळजवळ शिवीसारखा वापरला जायचा. एखाद्या लग्नात डामडौल मोठा आणि जेवण बेताचं असलं, की दादा पंगतीत माझ्या कानाशी म्हणायचा, “एकदम ब्रँडेड लग्न आहे बाप्पा.” मला हसू आवरायचं नाही आणि आई डोळे वटारायची ती मात्र माझ्यावरच.

अशा माणसाच्या सख्ख्या बहिणीनं २०१६च्या जानेवारीत आयर्लंडमधल्या लिमरिकच्या एका दुकानातून तयार गेमिंग कॉम्प्युटर विकत घेतला.

शॅननमध्ये नोकरीला लागून मला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. बरोबर शिकलेल्या मैत्रिणी डब्लिनला गेल्या, मी विमानतळाशेजारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत चिकटले. साडेचारला काळोख व्हायचा आणि शनिवार-रविवार अंगावर यायचे. पूर्वी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून मी आणि दादा शेजारशेजारच्या मशीनवर गाड्यांची शर्यत खेळायचो. तसं काहीतरी पुन्हा खेळावंसं वाटायला लागलं. ऑफिसातल्या एका आयरिश सहकाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, “स्वतः जोडायला बसलीस तर दोन महिने जातील. तयार घे, ग्रँड होईल.” इथे ग्रँड म्हणजे नुसतं छान. दोन महिने घालवायची माझी मुळीच तयारी नव्हती. दुकानात वीस मिनिटं लागली. खोकं बसमध्ये शेजारच्या सीटवर बसवून आणलं आणि त्याच दुपारी मी खेळायलाही लागले.

दादाला सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मी टाळलं.

मी घर सोडलं त्याच वर्षी त्याचं दुकान बंद झालं. लोक आधी लॅपटॉप घ्यायला लागले, मग मोबाइलवरच भागवायला लागले. आता तो दुसऱ्याच्या हाताखाली सोसायट्यांमध्ये कॅमेरे बसवत फिरायचा. माझं जाणं आणि दुकानाचं जाणं, या दोन्हींबद्दल आम्ही एकमेकांशी चकार शब्द बोललो नव्हतो. रविवारचा फोन मात्र चुकायचा नाही. “जेवली का?” “हो.” “थंडी?” “आहे.” “बरं, वहिनीशी बोल.” दोन मिनिटांत आटोपायचं. मला दादाची फार आठवण यायची. दर रविवारी त्याच्याशी बोलूनही यायची, हे जास्त वाईट होतं.

त्या रविवारी मी सांगणारच होते. वाक्य तोंडात तयार होतं, की दादा, मी एक कॉम्प्युटर घेतला, ब्रँडेड, शिव्या घाल. पण बाहेर पडलं ते भलतंच.

“दादा, गेमिंगसाठी कॉम्प्युटर घ्यायचा म्हणते. तयार घेऊ की असेंबल करू?”

पलीकडे त्यानं टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं.

“थांब,” तो म्हणाला. “पेन घेऊन येतो.”

सव्वा तास बोलला. सव्वा तास! मध्येच वहिनीचा ‘चहा ठेवलाय’ असा आवाज आला, नंतर ‘निवला की’ असाही, पण त्याला कशाचं भान नव्हतं. मी कुठले खेळ खेळणार, स्क्रीन केवढा, टेबल कुठे, खिडकी कुठे, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाला, “पहिले एसएमपीएस ठरव. सगळे ग्राफिक कार्डाच्या मागे धावतात. वीज कुठून येऊन राहिली ते कोणी पाहत नाही. तयार मशीनमध्ये तिथेच पैसे मारतात ते लोक. हातात घेऊन पाहा, हलका लागेल.”

एसएमपीएस म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा. इथे त्याला कोणी त्या नावानं ओळखत नाही. मी फोन ठेवला आणि कोपऱ्यातल्या माझ्या नव्याकोऱ्या मशीनकडे बघितलं. ते निमूटपणे निळा दिवा लावून बसलं होतं.

पुढच्या रविवारी खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं. पण त्यानं आठवडाभर खपून वहीत तीन वेगवेगळ्या याद्या केल्या होत्या आणि त्या व्हिडिओवर एकेक पान धरून दाखवत होता. अशा वेळी कोणत्या तोंडानं सांगणार? मी म्हटलं, “दोन नंबरची बरी वाटते, पण मदरबोर्ड समजावून सांग ना.” झालं. तिथून मी जी खोटं बोलायला लागले ती जून महिन्यापर्यंत.

खोटं बोलणं हे पूर्णवेळचं काम आहे, हे मला तेव्हा कळलं. फोन यायच्या आधी मशीनवर चादर टाकायची. एकदा त्यानं खोलीचे चारही बाजूंनी फोटो मागितले, हीटरपासून किती लांब ठेवणार ते पाहायला, तेव्हा ते धूड उचलून मी बाथरूममध्ये नेऊन ठेवलं. कधी कार्ड दुकानात शिल्लक नाही, कधी कॅबिनेटचा रंग आवडत नाही, अशा नाना सबबी. एका रविवारी त्यानंच वैतागून विचारलं, “बाई, तुला घ्यायचा आहे का नाही?” “घ्यायचाय रे,” मी म्हटलं, “पण घाई कशाला?”

घाई मला कशी असणार? बोर्डाबद्दल बोलता बोलता दादा दुकानाबद्दल बोलायला लागला होता. पहिलं मशीन कुणाला विकलं, कुठला कारकून दर महिन्याला की-बोर्डात चहा सांडून आणायचा, सगळं. आणि फेब्रुवारीत एकदा, कॅबिनेटला किती पंखे हवेत यावर आमचं भांडण चाललेलं असताना, मध्येच म्हणाला, “शेवटच्या दिवशी सगळं गेलं, काउंटर गेला, खुर्च्या गेल्या. कामाचं टेबल मात्र मी दिलं नाही. घरी आणलं. तुझी वहिनी त्याच्यावर आता पोळ्या लाटते.” “चांगलं मजबूत टेबल होतं,” मी म्हटलं. “होतं ना,” तो म्हणाला आणि पुन्हा पंख्यांवर आला.

मार्चच्या शेवटी इथली घड्याळं एक तास पुढे सरकतात. मी त्याला सांगायला विसरले होते. शुक्रवारी त्याचाच मेसेज आला, ‘तुमचं टाइम बदलून राहिलं ना रविवारी? मी साडेपाचऐवजी साडेचारला बसतो.’ तो मेसेज मी ऑफिसच्या किचनमध्ये उभी राहून चारपाच वेळा वाचला. तोवर कपातल्या चहाची वाट लागली होती. मला कॉम्प्युटर नको होता, हे तिथे मला लख्ख कळलं. मला माझा भाऊ हवा होता आणि तो मिळाला होता, पण एका थापेवर. थाप फुटली की पुन्हा जेवली का, थंडी किती, वहिनीशी बोल.

मे महिन्यात यादी पक्की झाली. वाद घालायला एक स्क्रूसुद्धा उरला नाही. दादा म्हणाला, “आता मागव सगळं. पुढच्या महिन्यातला दुसरा रविवार मी मोकळा ठेवला आहे. कॅमेऱ्याचं काम नाही घेणार. दिवसभर बसू.”

माझं धाबं दणाणलं. सगळे सुटे भाग नव्यानं घ्यायचे, तर घरात दोन-दोन मशीन, आणि ऐपतही नव्हती. खरं सांगावं, तर त्यानं मोकळा ठेवलेला तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी यादीतला एसएमपीएस आणि पेस्टची नळी, एवढ्या दोन गोष्टी मागवल्या. बाकी यादी मी बोलता बोलता माझ्याच मशीनमधल्या भागांवर आणून ठेवली होती. आणि आदल्या शनिवारी, भर दुपारी, जमिनीवर चादर अंथरून, चांगलं चालतं मशीन मी उघडलं.

एकेक स्क्रू काढत गेले. आतला एसएमपीएस हातात घेतला, तर दादा म्हणाला होता तसाच हलका. कार्ड काढलं, रॅम काढली, बोर्ड सोडवला. प्रोसेसरवरचा पंखा काढला तेव्हा खाली राखाडी पेस्टचा सुकलेला थर दिसला. प्रोसेसरची उष्णता पंख्यापर्यंत पोचावी म्हणून दोघांमध्ये ती लावतात. मी टिशूनं खसाखसा पुसली. सगळे भाग टेबलावर ओळीनं मांडले आणि लांबून बघितले. नवे वाटत होते. मला तरी.

रविवारी सकाळी सातलाच फोन लावला, नागपुरात साडेअकरा वाजले होते. दादानं दाढी केली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो स्वयंपाकघरात त्याच टेबलाशी बसला होता. वहिनीचं पोळपाट-लाटणं आज बाजूला सरकवलेलं होतं.

“दाखव,” तो म्हणाला.

मी टेबलावरून फोन फिरवला.

“बॉक्स कुठे आहेत?”

सगळा विचार केला होता, खोक्यांचा केला नव्हता. “टाकले,” मी म्हटलं. “रिसायकलिंगच्या बिनमध्ये. इथे लगेच टाकतात.”

“वॉरंटीचे बॉक्स टाकले?” आमच्या घरात मिक्सरचं खोकं अजून माळ्यावर आहे, मिक्सर कधीच गेला. दादानं वही जवळ ओढली. मग म्हणाला, “बरं. प्रोसेसर दाखव. जवळ आण.”

मी जवळ धरला. नीट दिसावा म्हणून मागेपुढे करत राहिले.

“हलवू नको.”

नाही हलवला. त्याच्या स्वयंपाकघरातला पंखा ऐकू येत होता. तो स्क्रीनच्या अगदी जवळ आला, चष्मा कपाळावर चढवला आणि बघत राहिला. पंधरा वर्षं ज्यानं हेच काम केलं, त्याला नवा भाग कुठला आणि वापरलेला कुठला हे मी शिकवणार होते! मला वाटलं, आता फोन ठेवेल. ठेवला असता तरी मी त्याला दोष दिला नसता.

त्यानं चष्मा खाली घेतला.

“कडेला जुनी पेस्ट राहिली आहे,” तो म्हणाला. आवाज नेहमीचाच होता. “टिशू नको, धागे राहतात. मऊ सुती कापड घे. हळू पूस.”

“दादा, मी तुला...”

“पहिले पूस,” तो म्हणाला. “मी आहे इथे. दिवसभर आहे.”

मी एका जुन्या ओढणीचा कोपरा घेतला आणि पुसायला लागले. डोळ्यांना धार लागली होती, पण फोन टेबलाकडे वळवलेला होता, त्याला फक्त माझे हात दिसत होते. थोड्या वेळानं तिथं पुसण्यासारखं काहीच उरलं नाही. तो बस म्हणाला नाही, आणि मीही थांबले नाही.