कपाटातलं मशीन

पिशवीत खुळखुळे, घंटी आणि एक पत्र्याचा डबा घेऊन दारोदार हिंडणाऱ्या बाईंना सगळे खुळखुळाबाईच म्हणत. ऐकू न येणाऱ्या लहान पोरांच्या घरी जायचं, त्यांना आवाजाची सवय लावायची, बोलतं करायचं आणि वेळेत शाळेत धाडायचं, हे त्यांचं काम. पोरांनी त्यांना कधी दमवलं नाही. दमवलं ते घरच्यांनी.

चिमीच्या घराने तर कळस केला होता. सोफ्यावर प्लास्टिक, रिमोटला प्लास्टिक, घड्याळाच्या काचेवरचा कागदसुद्धा अजून तसाच. कानाचं मशीन मिळून कितीतरी महिने झाले, तरी पोरगी धड टाळीलाही वळेना, मग शब्द दूरच राहिले. अशीच शाळेत गेली तर वर्गात नुसती भिंतीला टेकून बसेल, या विचाराने बाईंच्या जिवाला घोर लागला होता. आपलंच काही चुकतंय म्हणून त्यांनी खेळ बदलले, गाणी बदलली, घसा बसेपर्यंत गायल्या.

एक दिवस आजोबा कौतुकाने म्हणाले, "मशीन मात्र एक नंबर हं, बाई! सेल अजून पहिलाच चालतोय."

"पहिलाच? अहो, तो आठ-दहा दिवसांत संपायला हवा!"

"संपेल कसा? तुम्ही आलात की घालतो, गेलात की पुसून कपाटात. महागाची वस्तू, पोरीने आपटली म्हणजे?"

बाईंनी कपाळावर हात मारला. "आजोबा, तुम्ही चष्मा पाहुणे आल्यावरच लावता का?"

"शाळेत जायला लागली की घालेलच ना दिवसभर," चिमीची आई मध्ये पडली. "तोवर नवंकोरं राहील."

"अहो, शाळेत जाता यावं म्हणूनच आत्ता घालायचं! भांडी पडू देत, आजोबा खोकू देत, तुमची भांडणं होऊ देत. सगळं कानावर पडलं तरच बोलेल ती. आठवड्यातून तासभर ऐकून तुम्ही तरी बोलला असता का?"

दोघांनी माना डोलावल्या. या माना बाईंच्या चांगल्या ओळखीच्या होत्या. वैतागून त्यांनी पिशवी आवरायला घेतली.

ते बघताच चिमी उठली. तिने कानातलं मशीन स्वतःच काढलं, फ्रॉकला पुसलं, बाईंच्या पिशवीत खुळखुळ्याशेजारी ठेवलं आणि हात हलवून टाटा केला.

"अगं, ते तुझं आहे!" आई ओरडली. चिमीला ते ऐकू गेलंच नाही.

"बघितलंत?" बाईंचा आवाज चिरकला. "आवाज माझा आहे असं वाटतं तिला. मी आणते आणि मी घेऊन जाते!"

आईचा चेहरा पडला. तिने मशीन पिशवीतून काढून लेकीच्या कानात बसवलं. चिमीने ते काढून पुन्हा बाईंपुढे धरलं, बाई विसरून चालल्या म्हणून. आईने परत बसवलं. चिमीने परत काढलं.

"किती वेळा घालू हो, बाई?" आई रडवेली झाली.

"तिला पटेपर्यंत," बाई चपला पायात सरकवत म्हणाल्या. "आणि आजोबा, ती कपाटाची किल्ली द्या इकडे."