दहा लाख एक

दोन्ही टोकांना एक आणि मध्ये पाच शून्यं. दहा लाख एक. ही संख्या मी आता कुठल्याच वर्गात फळ्यावर लिहीत नाही.

पोशेऱ्याकडच्या एका शाळेत मी गणित शिकवायचे. दिवाळीच्या सुट्टीआधी ती फळ्यावर लिहिली आणि ठणकावून सांगितलं, "ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून हिला कुणाचाच भाग जात नाही." मी सत्त्याण्णवपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं होतं. खरं तर हजारापर्यंत जायला हवं होतं, ते मला चांगलं ठाऊक होतं. कंटाळा केला, दुसरं काय.

तास संपता संपता नववीतली एक मुलगी उठली. "बाई, हिला एकशे एकानं भाग जातो." तिची आई जव्हारच्या बाजारात पळसाच्या शंभर-शंभर पानांच्या जुड्या विकायची. एखादं पान फाटकं निघालं तर म्हणून दर शेकड्यावर एक जास्त. म्हणजे त्यांच्या घरात शेकडा एकशे एकाचाच.

"मी नऊ हजार नऊशे एक जुड्या धरल्या," ती म्हणाली. "शंभराच्या हिशेबानं नऊ लाख नव्वद हजार शंभर पानं. वरची एकेक धरली की अजून नऊ हजार नऊशे एक. झाली ना दहा लाख एक?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. माझं टाळकं सरकलं. "बाजारातली अक्कल इथे पाजळू नकोस, बस खाली." तिची वही हातात घेऊन बघायचीही तसदी मी घेतली नाही.

चार दिवसांनी तिचे वडील आले. घरचे सगळे वीटभट्टीवर निघाले होते. पोरीला सोबत न्यायचं की वसतिगृहात ठेवायचं, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. "पोरीचं डोकं चालतं का, बाई? तुम्ही सांगाल तसं करतो." माझ्या मनात अढी होतीच. "बेताचंच आहे," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि तिला घेऊन गेले.

सुट्टीत एकदा भागाकार करायला बसले. सत्त्याण्णवनंतरची पुढची मूळ संख्या एकशे एक. मी अगदी एक पायरी अलीकडे थांबले होते. बाकी शून्य आली, आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

होळीला भट्टीवरची माणसं परतली तेव्हा मी त्यांच्या पाड्यावर गेले. मुलगी आली नव्हती. तिचा हात कामावर चांगला बसला होता, म्हणून मावशीपाशी तिकडेच राहिली होती. शाळेचं नावही आता कुणी काढत नव्हतं. वडिलांनी मला बसायला खाट टाकली. मी सगळं सांगितलं. तिचं बरोबर होतं, मी चुकले होते, आणि रागापायी त्यांच्याशी खोटं बोलले होते. ते मला चार शिव्या देतील असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते एवढंच म्हणाले, "पण बाई, मी तुमालाच इचारलं होतं."