रुमालाखालचा भाव

"हरणाबाईनं भर बाजारात परक्या पुरुषाचा हात धरला," असं वाळव्याकडच्या एका गावात बायका पाणवठ्यावर सांगत. गोष्ट खोटी नव्हती.

साल चौऱ्याहत्तर. नवरा मानसिंग पलटणीत, शेत हरणाबाईच्या अंगावर. हळदीच्या सरींतच ती मिरची, घेवडा, मका लावी. घराचं वर्षाचं कालवण त्या रानातून निघे. दीर सयाजीला मात्र तिथं ऊस हवा होता. "वैनी, औंदा हळदीला भाव न्हाई आला तर रान उसाला," त्यानं बजावलं होतं. म्हणून हळद शिजवून, वाळवून होताच हरणाबाई पोत्यांबरोबर स्वतःच हळदीच्या पेठेत गेली.

पेठेची रीत जुनी. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हातात हात घालत आणि बोटं धरून भाव ठरवत; जितकी बोटं, तितके शंभर. कुणी किती बोटं धरली, ते माल पिकवणाऱ्याला कधीच कळत नसे.

"माल माझा हाय. भाव मोठ्यानं बोला," ती म्हणाली.

अडत्या भाऊसो हसला. "आवं बाई, भाव रुमालाखालीच असतोय. लयच घाई असंल तर घाला की हात!"

पेठ खदखदली. हरणाबाईनं पदर खोचला आणि हात घातला. समोरचा खरेदीदार गोरामोरा झाला. सवयीनं त्यानं तिची तीन बोटं धरली आणि लगेच हात मागं घेऊ लागला. तिनं डाव्या हातानं त्याचं मनगट पकडलं, रुमाल झटकून टाकला आणि दोघांचे हात तसेच वर उचलले.

"बगा समद्यांनी! तीन!"

हसणं थांबलं. मागून नेमिनाथ नावाचे वयस्कर व्यापारी खणखणीत आवाजात म्हणाले, "माझी चार." आणि भिंतीकडून कुणीतरी ओरडलं, "पाच!"

रान वाचलं. पण तेवढ्यावर ती थांबली नाही. पुढच्या बाजारी तिच्यासोबत गावातल्या फौजींच्या बायका आपापल्या पोत्यांवर बसल्या आणि बोली कानांवर पडल्याशिवाय माल हलू देईनात. हरणाबाईला बाजार समितीपुढं बोलावणं आलं. एक सभासद जुन्या रीतीतच पेठेची अब्रू आहे असं सांगू लागले, तेव्हा हरणाबाईनं विचारलं, "भाव काय नवी नवरी हाय व्हय, झाकून ठिवायला?" सभासदांनाच हसू आवरेना. हंगाम सरण्याआधी ठराव झाला : पेठेत यापुढं लिलाव उघड्या बोलीनंच.

मानसिंग सुट्टीवर आला, तेव्हा शेजाऱ्यांनी एस. टी. स्टँडवरच त्याचे कान भरले. घेवड्याच्या आमटीत भाकरी कुस्करत त्यानं विचारलं, "भर बाजारात परक्याचा हात धरलास म्हनं?"

"धरला की. भाव कळला, सोडला."