फवारणीचा प्रयोग

त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती आणि फवारणी काही संपत नव्हती. पोळ्यानंतर पांढरकवड्याला तालुक्याचा विज्ञान मेळावा भरला. मी शाळेत विज्ञान शिकवायची. ज्वालामुखी आणि सौरमाला दरवर्षीच असायच्या, म्हणून मी फवारणीचा प्रयोग मांडला. पंपात लाल रंगाचं पाणी भरायचं, फवारणाऱ्याला पांढरे कपडे घालायचे आणि औषध अंगावर कुठं कुठं येतं ते लोकांना दाखवायचं.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंचा नवरा फवारणीच्या मजुरीला जायचा. तोच तयार झाला. मैदानात कपाशीची उपटून आणलेली झाडं उभी केली होती. त्यांच्यामधून तो पंप मारत गेला. बाहेर आला तेव्हा लोक आधी हसले, मग जवळ येऊन पाहू लागले. मान, छाती, मांड्या, पापण्यासुद्धा लाल होत्या. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं त्याच्या पाठीला बोट लावून पाहिलं. मी टेबलावरचा चष्मा, मास्क, हातमोजे दाखवून कसे वापरायचे ते सांगितलं. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. सामान मी शाळेच्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

तीन आठवड्यांनी बाई कामावर आल्या नाहीत. नवरा यवतमाळला दवाखान्यात असल्याचं कळलं, म्हणून मी गेले. तो बडबडत होता, उठून पळू पाहत होता, म्हणून त्याचे हात पट्टीनं खाटेला बांधले होते. त्यानं मला ओळखलं नाही.

फवारताना त्यानं तोंडाला काही बांधलं होतं का, असं मी बाईंना विचारलं. विचारल्यावर माझीच मला लाज वाटली.

"दुपट्टा बांधला होता," बाई म्हणाल्या. "चष्मा मालकाले मागतला त्याइनं. मालक म्हणे, मेळाव्यातून साहेब होऊन आला का?"

चष्मा तर माझ्याकडेच होता. त्याला देऊन टाकावा, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. बाईंनी मला बसायला स्टूल सरकवलं.

तो वाचला, पण नजर अधू झाली. पुढच्या हंगामात बाई सकाळी खिचडी शिजवून दुपारी शेतात निंदणाला जाऊ लागल्या. तो घरीच असायचा. मेळाव्याचं पत्र आलं तेव्हा मुख्याध्यापकांनी तोच प्रयोग पुन्हा मांडायला सांगितलं, गर्दी चांगली जमली होती म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.