दोन दारांचा बंडू

आमचा बंडू आज सकाळी गेला.
समोरच्या घरचा शेरूपण गेला.

कुत्रा एकच होता.

दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या जुन्या सरकारी क्वार्टरमध्ये तो पिल्लू असताना आला. तांबूस रंग, एक कान कायम मोडलेला. ग्राउंड फ्लोअरला आमचं आणि बिष्ट आंटींचं दार समोरासमोर. सकाळी आईची दूध-पोळी खायचा, संध्याकाळी आंटींकडचा दाल-भात. आम्ही बंडू म्हणायचो, त्या शेरू. दोन्ही नावांना शेपूट हलवायचा.

पण तेव्हा आई आणि आंटी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

कारण सांगते.

आई-बाबा नागपूरहून सेंट्रल गव्हर्नमेंटच्या नोकरीसाठी इथे आलेले. घराण्यातली पहिली इंजिनिअर मी होणार होते. माझं ॲडमिशन झालं तेव्हा आईने अख्ख्या ब्लॉकमध्ये पेढे वाटले.

आंटींनी पेढा घेतला. मग जिन्यात दुसऱ्या शेजारणीला म्हणाल्या, "इन लोगों का तो हो ही जाता है. कोटा है ना."

आई जिन्याच्या वळणावरच होती.

भांडली नाही. घरी आली, पेढ्यांचा डबा घासला आणि पालथा घातला. त्या दिवसापासून बोलणं बंद. समोरासमोर दार उघडलं तरी मान दुसरीकडे.

बंडू आपला या दारातून त्या दारात.

पुढच्या वर्षी, पाऊस संपता संपता, तो पोळी हुंगून निघून जायला लागला.

मी म्हटलं, "आई, हा खात नाहीये."

"समोर खाऊन आला असेल."

नंतर कळलं, समोर आंटीपण अंकलना हेच सांगत होत्या. "उधर से खा के आया होगा."

म्हणजे दोन्हीकडे तो जेवलेलाच होता. आणि पोट रिकामं.

आधी आईची स्कूटी गेटमधून आत आली की हा पूर्ण ब्लॉकला चक्कर मारायचा. आता नुसती शेपूट हलवून बसून राहायचा. दिवसभर नळाखालची ओली, थंड फरशी धरून असायचा. आणि एरवी मोडक्या कानाला कोणाला हात लावू द्यायचा नाही, पण एक दिवस आईने तो कान धरला तर गप्प पडून राहिला.

आई कानाच्या आत बघून म्हणाली, "अगं, केवढे गोचीड!"

मी दिल्लीत वाढलेली. तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

मग फरशीवर लाल थेंब दिसला. त्याच्या नाकातून रक्त येत होतं.

आईने समोर पाहिलं. आंटींच्या दाराबाहेर त्याची थाळी. भात तसाच. मुंग्या लागलेल्या.

आई उठली, पदराला हात पुसले आणि समोरची बेल वाजवली.

"आपके यहाँ खाता है क्या?"

आंटींनी भाताच्या थाळीकडे पाहिलं. "नहीं भाभीजी. मुझे लगा आपके यहाँ..."

आंटी चादर घेऊन आल्या. दोघींनी त्याला उचलून ऑटोत घातलं.

डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. "मसूड़े देखिए. गुलाबी होने चाहिए. सफ़ेद पड़ गए हैं." टिक फीव्हर. गोचिडांमुळे होणारा ताप. रक्त खूप कमी झालेलं.

"कब से सुस्त है?"

सकाळचं सगळं आईला माहीत होतं, संध्याकाळचं आंटींना. दोघींनी मिळून सांगितलं तेव्हा डॉक्टरांना पूर्ण चित्र कळलं.

सलाईन लावून त्याला आत ठेवलं. वाचेल की नाही, डॉक्टर सांगत नव्हते. आम्ही तिघी बाहेर बाकावर.

मग आंटी खाली बघत म्हणाल्या, "उस दिन सीढ़ियों पे मैंने बहुत गलत बोला था."

आई म्हणाली, "हाँ. बोला था."

बस. "कोई बात नहीं" असं आई म्हणाली नाही. आजही मला त्याचं कौतुक वाटतं.

थोड्या वेळाने तिने पर्समधली पाण्याची बाटली काढून आंटींपुढे धरली. आंटींनी ती घेतली.

बंडू वाचला.

गोळ्या पनीरमध्ये लपवून द्याव्या लागायच्या. रोज समोरच्या खिडकीतून हाक यायची, "भाभीजी, सुबह वाली दे दी?" आणि आई स्वयंपाकघरातून, "दे दी, दे दी! शाम की आप देखना."

गोळ्या संपल्या. हाका चालूच राहिल्या.

आई रिटायर झाली, आम्ही नोएडाला आलो. बंडूला आणलं होतं, पण तो लिफ्टमध्येच शिरेना. शेवटी आंटींकडेच राहिला, त्यांची नोकरी अजून बाकी होती. मग आई दर आठवड्याला मेट्रोने जायची. "बंडूला बघून येते" म्हणून सकाळी निघाली की संध्याकाळी परतायची.

या आठवड्यात आंटींचा फोन आला. "भाभीजी, खाना छोड़ दिया है." आई बॅग भरून गेली. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. वय झालं होतं, किडनी संपली होती. या वेळी औषध नव्हतं.

आज सकाळी मी पोचले तेव्हा श्वास चालू होता. आंटींनी त्याच्या तोंडात गंगाजल घातलं. मग आईला हळूच विचारलं, "आपके यहाँ क्या करते हैं?"

आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बुद्धवंदनेतलं त्रिशरण म्हटलं. आंटी शेजारी हात जोडून बसल्या होत्या.

तेवढ्यात तो गेला.

तुमच्याकडे कुत्रा असेल तर आज एकदा त्याचा ओठ उचलून हिरड्या बघा. कान बघा. आणि खात नसेल तर "दुसरीकडे खाल्लं असेल" म्हणू नका. विचारा.

दुपारी त्याला पोचवून आलो. मी म्हटलं, "आई, चल, कॅब बोलावते."

आई म्हणाली, "तू जा. मी राहते इथे. अंकल गेल्यापासून ही एकटीच आहे गं."

आतून आंटींचा आवाज आला, "भाभीजी, खिचड़ी चढ़ा दी है. थोड़ा-सा तो खाना पड़ेगा."

आई आत गेली.

जा बाळा, सुखाने जा.
आमच्या सगळ्यांचा तुला भरल्या मनाने निरोप.