मालकाने दिलेला वकील

वकिलानं माझा डावा हात उचलला. विचारलं नाही. टेबलावरची वस्तू उचलावी तसा उचलला. अंगठा शाईच्या पॅडवर दाबला, मग कागदावर. एकदा. दोनदा. खाली अजून एकदा.

मी म्हटलं, "साहेब, मले सही येते."

त्यानं माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. कोपरापर्यंत प्लास्टर, गळ्यात अडकवलेला. दोन बोटं दवाखान्यातच राहिली होती. तो हसला.

"कौन से हाथ से?"

बाजूच्या खुर्चीवर शेताचे मालक बसले होते. ते पण हसले. आणि सांगायला लाज वाटते, पण मीही हसली. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मी उभीच होती. शाई पुसायला कोणी काही दिलं नाही. मी पदराला पुसली.

त्या वेळी मी मनात काय म्हणत होती? देवा, या माणसांचं भलं कर.

खरंच म्हणत होती. मालकांनी मला आपल्या गाडीत टाकून गोंदियाला आणलं होतं. सीटवर माझं रक्त सांडलं, तरी काही बोलले नाही. दवाखान्याचं सगळं त्यांनी पाहिलं. मालकीणबाई डब्यात खिचडी पाठवत. दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा गोंदियाजवळच फुलचूरला ओळखीच्या घरी मागची खोली दिली. हे सगळं खरं आहे. आजही कोणी विचारलं तर खरंच सांगीन. केलेलं मी विसरत नाही.

माझं गाव देवरीच्याही पल्याड, छत्तीसगडच्या हद्दीला लागून. सातवीपर्यंत आश्रमशाळेत होती. मग आई आजारी पडली आणि शाळा सुटली. माझ्याच गावची जमना माझ्यासोबत एका बाकावर बसायची. मी शाळा सोडली तर तिनंही सोडली. एकटीला करमत नाही म्हणाली. गुरुजींनी रागावलं, तर दोघी खाली मान घालून हसलो.

दरवर्षी जमना आणि मी धरून आम्ही चौदा बाया रोवण्याच्या कामाला तिरोड्याकडे जायचो. धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी. मालकाच्या गोदामात झोपायचं, उजाडलं की चिखलात उतरायचं. टोळीचा एक नियम असते. सगळ्यांनी एकाच वेळी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाय टाकायचा. मागून येईल तिला "पाहुणी आली वो, पाट द्या बसाले" म्हणून दिवसभर चिडवायचं, आणि संध्याकाळी तिचा वाटा कमी. हा नियम मालकाचा नाही. आमचाच. म्हणून आमच्यातली कोणीच मागं राहत नाही.

मालकाचं एक शेत पाण्याच्या पल्याड आहे. धरण भरलं की वाट बुडते. मग डोंग्यानं जायचं. डोंगा चालवणारे एक म्हातारे ढिवर मामा होते, मासे धरणाऱ्या जातीचे. त्या दिवशी त्यांनी वल्हं आडवं धरलं.

"सात जनी. आठवी नाही घेत मी."

मालक काठावरून ओरडले, "दोन खेपा करशील त माहा अर्धा दिस जाईन. चढा वो, चढा साऱ्या! हा का समुद्र आहे?"

आम्ही चौदाही चढलो.

पाण्याच्या मधोमध बुडालेल्या झाडांची खोडं आहेत. डोंगा एका खोडाला घासला, कलला. बाया ओरडून एका अंगाला सरकल्या आणि तो पालथा झाला. माझा हात डोंगा आणि खोडाच्या मध्ये सापडला. बोटं चिरडल्याचं मला कळलं नाही. मामांनी माझा बुचडा धरून मला वर ओढली, खोडावर बसवली आणि परत खाली गेले. चार वेळा गेले. चार वेळा एकेकीला घेऊन आले. बाकीच्या डोंग्याला धरून तरंगत होत्या. पाचव्या वेळी त्यांनी जमनेला आणलं.

तिच्यात जीव नव्हता, तरी मी तिला हाका मारत राहिली. तिचे केस तोंडावर आले होते, ते मला बाजूला करता येत नव्हते. एक हात खोडाला धरलेला, दुसरा असा.

तर डोंगा बुडाल्याच्या केसमध्ये हा वकील मालकांनी दिला होता. "फी माह्याकडे. तू फक्त म्हनीन तिथं अंगठा दे." मी एका हातानं मालकांच्या पाया पडली होती. आमच्याकडे ज्यानं जीव वाचवला त्याच्या वकिलाला नाही म्हणत नाही. नाही म्हणायचं असते हेच ठाऊक नव्हतं. मालकाचा वकील म्हणजे आपला वकील. मालकाचा डॉक्टर आपला डॉक्टर झाला होता तसा.

आठ दिवसांनी परत बोलावलं. टाईप केलेला कागद तयार होता.

"म्हन," वकील म्हणाला, "डोंगेवाला दारू पिऊन होता. पाठ कर. कोर्टात हेच म्हणायचं."

मामांना पोलिसांनी आधीच नेलं होतं. मी कागद उचलला आणि शाळेत वाचायची तसं अक्षराखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागली. "मालकांनी... मनाई... केली असतानाही... आम्ही बाया... स्वमर्जीने..."

वकिलानं कागद ओढला. मालकाकडे पाहून म्हणाला, "अरे, ये तो पढ़ने लगी!"

दारातली बकरी बोलली असती तर असाच म्हणाला असता.

"साहेब, मामा पिऊन नव्हते."

"तुले काय ठाऊक? तोंड हुंगलं होतं का त्याचं?"

दोघेही हसले. या वेळी मी हसली नाही.

"हाव," मी म्हटलं. "पान्यातून काढलं तवा त्यायचं तोंड माह्या तोंडाजवळ होतं. बिडीचा वास होता. दारूचा नाही."

मालकांनी आवाज मऊ केला. "बाई, तुले दवाखान्यात कोनं नेलं?"

"तुमी नेलं, मालक."

"मंग?"

"डोंग्यात बी तुमीच चढवलं."

हे मी कसं बोलली मला माहीत नाही. पण बोलून गेली होती, आणि बोललेलं मला परत घ्यावंसं वाटलं नाही. मग वकिलाला विचारलं, "साहेब, तुमी कोनाचे वकील? माहे का मालकाचे?"

"दोनों का. एक ही बात है."

"एक बात नाही."

त्यानं हात पुढे केला, मागच्या वेळेसारखा. मी मूठ आवळली. त्यानं एक बोट उघडलं. दुसरं उघडायला गेला, तेवढ्यात वर माझ्या तोंडाकडे पाहिलं. सोडून दिलं.

मी म्हटलं, "मी दुसरा वकील पाहीन."

"पाय," मालक म्हणाले. "आन खोली बी दुसरी पाय."

खोलीत माझं होतं काय? एक पिशवी. ती घेऊन मी कोर्टाच्या आवारात आली. काळे कोट पाहिले की मी वाट बदलायची. कोणता कोट मालकाच्या ओळखीचा, कोणता नाही, कसं कळावं? एका चहावाल्या बाईनं सांगितलं, गरिबाला फुकट वकील मिळते, त्या कोपऱ्यातल्या खोलीत विचार. विचारलं. तीन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला एक वकीलबाई भेटली, माझ्यापेक्षा लहान.

"बसा ताई," म्हणाली.

मी उभीच राहिली. तिनं परत म्हटलं, तेव्हा कळलं की मलाच म्हणते.

तिनं आधीच सांगितलं, वेळ लागेल, वर्षंही लागतील. पहिल्या वकिलाला अंगठा लावून दिलेला वकीलपत्राचा कागद रद्द करावा लागेल. मग एकेक विचारत गेली. कोण कुठं बसलं होतं, मालक काय बोलले, मामा काय बोलले. मी सांगत गेली. मग तिनं विचारलं, "जमना कशी चढली?"

मी आधी मागं वळून दाराकडे पाहिलं.

हे मी पोलिसांना सांगितलं नव्हतं. आईला सांगितलं नव्हतं. जमना चढत नव्हती. तिला पाण्याचं भेव होतं. काठावर चप्पल हातात घेऊन उभी होती. म्हणाली, "तू जाय वो, मी दुसऱ्या खेपेले येईन." मी म्हटलं, "चाल पाहुणे! दिसभर बाया चिडवतीन." आणि तिचा हात धरून तिला आत ओढली. ती हसत हसत आली. माझ्या मांडीला मांडी लावून बसली.

वकीलबाईचा पेन थांबला. ती म्हणाली, "त्यांचा वकील हेच विचारेल. सगळ्यांसमोर. पुन्हा पुन्हा."

"विचारू द्या," मी म्हटलं. "लिवा."

मी गावी गेली तेव्हा आधी जमनेच्या घरी गेली. तिच्या आईनं मालकाच्या कागदावर अंगठा दिला होता. त्यात डोंगेवाला पिऊन होता असंच लिहिलं होतं. टोळीतल्या बायांनी तिला सगळं सांगितलं होतं. ती दारातच उभी राहिली. पाणी घे म्हटलं नाही, आत ये म्हटलं नाही.

"तू ओढली माह्या पोरीले," म्हणाली. "आता मालकासंग बी भांडन कायले लावतं?"

मी म्हटलं, "हाव मावशी. मी ओढली."

ती दार लावून आत गेली. मी त्या दारासमोर किती वेळ उभी होती, मला आठवत नाही. आत भांडी वाजत होती. लहानपणी त्या घरात मी कितीतरी वेळा जेवली आहे.

टोळी आता मला सोबत नेत नाही. तशीही माझ्या हातानं रोवणा होत नाही.

पण तारीख लागली की मी देवरीहून बस धरून येणार. मालकाचा वकील विचारेल, जमनेला डोंग्यात कोणी ओढलं? मी म्हणीन, मी. तो म्हणेल, बस, झालं. मी म्हणीन, झालं नाही साहेब. काठावर उभं राहून चढा साऱ्या म्हणून कोण ओरडलं, तेही लिहा. सात जणी म्हणून कोणी अडवलं, तेही लिहा. मी रडीन कदाचित. रडत रडत सांगीन. जमनेची आई समोर बसली असेल तर तिच्यासमोर सांगीन. मला जे भोगायचं ते मी भोगीन, मालकाचं मी भोगणार नाही. आणि मामांना तर भोगू देणारच नाही.